शाळेचं रेटिंग आणि लेकीचा प्रश्न

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतो. मुलगी पाचवीत आहे. तिच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत, बाकी काही गोरी, काही आपली देसी. ती खूश आहे, अभ्यासात चांगली आहे, तिची सगळ्यात जवळची मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. पुढच्या वर्षी मिडल स्कूल. मिस्टर म्हणतात, आता 'चांगल्या' स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे जिथल्या सरकारी शाळा नावाजलेल्या आहेत अशा भागात, घर घेऊ. घरांच्या साइटवर आमच्या मिडल स्कूलला दहापैकी चार आहेत, आणि ते ज्या गावात घर बघताहेत तिथल्या शाळेला नऊ. हप्ता मात्र आमच्या आवाक्याच्या जरा बाहेर जातो. गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, त्या शाळेत सगळे काळेच ना? अजून ठेवलीयस तिला तिथे?" मी हसून वेळ मारून नेली. घरी येताना गाडीत मुलीने विचारलं, "काकूंना माझी शाळा का आवडत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. मिस्टरांचं म्हणणं, आपण इथे मुलांच्या शिक्षणासाठी आलो, समाजसुधारणा करायला नाही. त्यांचंही चूक वाटत नाही. घर घ्यावं का? आणि मुलीला काय सांगू?
एक आई, न्यू जर्सी

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

मुलीचा प्रश्न आधी घेते. घराचा निर्णय दोन-चार महिने लांबला तरी काही बिघडत नाही. तिला मात्र महिनाभर उत्तर मिळालेलं नाही.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांचा सूर बरोबर कळतो. काकूंनी 'काळेच' कशा सुरात म्हटलं ते तिने ऐकलं, आणि तुम्ही हसलात हेही पाहिलं. तुम्ही अवघडून हसलात, पण तिला वाटलं असणार की आईलाही ते पटलं. म्हणून विषय तुम्हीच काढा, आज किंवा उद्या. भाषण नको. "त्या दिवशी काकू तुझ्या शाळेबद्दल बोलल्या ते चूक होतं. मुलांच्या रंगावरून शाळा चांगली की वाईट ते ठरत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." एवढं पुरे. मग ती जे विचारेल त्याचं सरळ उत्तर द्या. 'आपण रंग बघतच नाही, सगळे सारखे' असं गुळमुळीत काही सांगू नका. तिला रंग दिसतो. तिच्या मैत्रिणीला तर त्यावरून लोक कसे वागतात हेही दिसतं, आणि दोघी आपसात बोलत असणार. आई या विषयावर बोलत नाही, असं एकदा मनात बसलं की मुलं विचारणंच सोडून देतात.

आणि घरात "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" हे वाक्य येत असेल, तर तेही आजपासून बंद करा. आपल्याला ते मायेचं वाटतं. पण ते ऐकणाऱ्या मुलीने आपल्या मैत्रिणीच्या रंगाबद्दल काय समजायचं?

काकूंना फोन करा. चारचौघांत पाणउतारा करायची गरज नाही. "तुम्ही बोललात ते तिला लागलं, पुन्हा तिच्यासमोर असं बोलू नका," एवढंच सांगा. पुढच्या वेळी त्या पुन्हा सगळ्यांसमोर बोलल्या, तर मात्र सगळ्यांसमोरच थांबवा.

तिला हा विषय गोष्टीतून सांगता येईल. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलमध्ये बार्बरा जॉन्स नावाची १६ वर्षांची मुलगी होती. कृष्णवर्णीय मुलांची तिची शाळा इतकी खचाखच भरली होती की वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरायचे. १९५१ मध्ये तिने सगळ्या शाळेला वर्गाबाहेर काढून संप केला. त्यातून जो खटला उभा राहिला, तो पुढे ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या खटल्यात सामील झाला, आणि १७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाने वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनाविरोधी ठरवलं. गोष्ट तिथे संपत नाही. मुलांना एकत्र बसवावं लागू नये म्हणून त्या काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं आपल्या सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी कितीतरी जणांची ती वर्षं कायमची गेली. पाचवीतल्या मुलीला हे सगळं समजतं, आणि रागही येतो. येऊ द्या.

आता तुम्हा दोघांसाठी एक. १९२४ मध्ये मिसिसिपीतल्या रोझडेल गावी एका चिनी किराणा दुकानदाराच्या मार्था लम नावाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून घरी पाठवलं गेलं. वडील कोर्टात गेले. वेगळ्या शाळा असणंच चूक आहे, असं त्यांच्या बाजूने कोणी म्हटलं नाही. म्हणणं इतकंच होतं की आमची मुलगी चिनी आहे, ती 'कलर्ड' नाही. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते फेटाळलं. त्याआधी चार वर्षं, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी अशीच बाजू मांडली होती : आपण आर्य आहोत, उच्च जातीचे आहोत, म्हणून गोऱ्यांत मोडतो. तेही एकमताने फेटाळलं गेलं. मी हे दोन्ही खटले मुद्दाम सांगते, कारण काकूंच्या वाक्यात तोच जुना अर्ज आहे : आम्ही त्यांच्यातले नाही. हा अर्ज तेव्हा कामी आला नव्हता. पुढे आपल्या लोकांना नागरिकत्वाची दारं १९४६ मध्ये उघडली, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना मोठ्या संख्येने येता आलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेतच झाला. ज्यांनी त्या चळवळीत मार खाल्ला, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज तुमच्या मुलीच्या वर्गात आहेत.

मिस्टरांना 'समाजसुधारणा' हा शब्द खटकतो, तर त्यांना एक आठवण करून द्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामीची प्रथा नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मंडळाच्या मराठी शाळेत हे शिकवलं, तर निम्म्या काकूंना नव्याने कळेल.

आता घराकडे वळू. तो नऊचा आकडा कुठून येतो, हे आधी बघा.

न्यू जर्सीच्या १९४७ च्या राज्यघटनेत सरकारी शाळांत वर्णावरून वेगळं ठेवायला बंदी आहे, म्हणजे ब्राउन निकालाच्याही सात वर्षं आधी. तरीही हे राज्य शाळांच्या बाबतीत देशातल्या सर्वांत विभागलेल्या राज्यांपैकी एक आहे. कारण साधं आहे : मूल ज्या गावात राहतं त्याच गावच्या शाळेत जातं, राज्यात जवळजवळ ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, आणि कोणत्या गावात कोणी राहायचं हे फार आधी ठरवलं गेलं. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे कर्ज मिळणं जवळपास बंद झालं. नंतर नवी उपनगरं उभी राहिली, तिथे त्यांना घर विकलं जात नव्हतं. दक्षिण जर्सीतल्या लेव्हिटाउनमध्ये, म्हणजे आजच्या विलिंगबरोमध्ये, बिल्डरने हे उघड सांगितलं होतं. १९६० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याला रोखलं. मग गावांनी झोनिंगचा रस्ता धरला : मोठ्या प्लॉटवर मोठं घरच बांधायचं, अपार्टमेंट नको. १९७५ च्या माउंट लॉरेल निकालाने त्यालाही आक्षेप घेतला, पण तोवर वस्त्या बसून गेल्या होत्या.

आणि गावांच्या सीमा ओलांडून मुलांना एकत्र आणायची वाट १९७४ मध्येच अरुंद झाली होती. डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की भोवतालच्या उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध होत नाही, तोवर त्यांना शहराच्या शाळांशी जोडता येणार नाही. थर्गुड मार्शल, ज्यांनी ब्राउन खटला लढवला होता, ते तेव्हा न्यायमूर्ती होते. त्यांनी या निकालाला विरोध नोंदवला. आजचा सबर्बचा नकाशा मला त्या निकालावाचून समजूच शकत नाही.

या सगळ्याचा परिणाम तुमच्या साइटवरच्या आकड्यात उतरतो. त्यात परीक्षेच्या सरासरी गुणांचा मोठा वाटा असतो, आणि सरासरी गुण बऱ्याच अंशी पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण सांगतात. मूल शाळेत आलं तेव्हा कुठे होतं आणि शाळेने त्याला कुठे नेलं, हा वेगळा प्रश्न आहे. स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांनी देशभरच्या डिस्ट्रिक्टचे गुण असे तपासले, तेव्हा शिकागोची मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांइतकी पुढे गेलेली दिसली. शिकागोची सरासरी मात्र देशाच्या खालीच होती. साध्या रेटिंगमध्ये अशा शाळा 'वाईट' दिसतात.

तेव्हा दोघं मिळून न्यू जर्सी शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. त्यात 'स्टुडंट ग्रोथ' बघा. आधी सारखे गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं किती पुढे सरकली, ते तो आकडा सांगतो. ५० म्हणजे मध्य. चार रेटिंगची शाळा तिथे ५५ वर असू शकते आणि नऊची ४५ वर. गैरहजेरीचं प्रमाणही बघा. आणि ग्रोथही खाली असेल, शिक्षक टिकत नसतील, गणिताला वर्षभर सब्स्टिट्यूट असेल, तर ती शाळा खरोखर कमी पडते आहे. तसं निघालं तर मिस्टर बरोबर, आणि मुलीला तिथे ठेवा असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट रिपोर्टमध्ये नीट दिसत नाही. त्यासाठी शाळेत जावं लागतं, तेही तास बदलताना.

मी निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका पब्लिक स्कूलमध्ये गायडन्स काउन्सेलर होते. बाहेरून बघाल तर आमची शाळा अगदी ब्रोशरमध्ये छापावी अशी, सगळ्या रंगांची मुलं. बेल झाली की कॉरिडॉर त्याच मुलांनी भरायचा, आणि तीन मिनिटांत त्यांची दोन भागांत निवड व्हायची. ऑनर्स मॅथच्या, म्हणजे वरच्या स्तराच्या गणिताच्या वर्गाच्या दारातून गोरी आणि एशियन मुलं आत जायची, त्याच्या समोरच्या दारातून बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. बेल पुन्हा झाली की दोन्ही दारं बंद. एका कृष्णवर्णीय मुलाचे गुण ऑनर्सला पुरेसे होते, पण आदल्या वर्षीच्या शिक्षकांनी शिफारस केली नव्हती. शिफारस नसली तरी पालकांच्या सहीने मुलाला वरच्या वर्गात घालता यायचं. त्याचा एक फॉर्म होता. तो फॉर्म ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असायचा आणि जो मागेल त्यालाच मिळायचा. आपल्या देसी पालकांना तो फॉर्म ऑगस्टमध्येच ठाऊक असे. त्या मुलाच्या आईला तो आहे हेच माहीत नव्हतं, मी फोन करेपर्यंत. त्याने पुढे वर्ष चांगलं काढलं.

सांगायचा मुद्दा हा की मिश्र शाळेत राहायचं ठरवलंत तरी प्रश्न संपत नाही. मिडल स्कूलमध्ये गणिताचे स्तर पडायला सुरुवात होते. तुमच्या मुलीला बहुधा वरच्या वर्गात घालतील. तिची मैत्रीण तितकीच हुशार असली तरी खालच्या वर्गात जाऊ शकते. हे फक्त एका शाळेचं नाही. साउथ ऑरेंज-मेपलवूड हे राज्यातलं मिश्र वस्तीसाठी नावाजलेलं डिस्ट्रिक्ट, तिथेही वरच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं कमी असल्यावरून केंद्रीय शिक्षण खात्याने चौकशी केली आणि २०१४ मध्ये डिस्ट्रिक्टने सुधारणांचा करार केला. म्हणून शाळेत विचारायचं ते हे : सहावीत मुलांची विभागणी कोण करतं, कशावरून करतं, आणि वर्षाच्या मध्ये वरच्या वर्गात जाता येतं का? प्रिन्सिपल याचं उत्तर सरळ देतात की 'आमच्याकडे सगळी मुलं यशस्वी होतात' असं काही ऐकवतात, त्यावरून मला तरी शाळा कळते. कोणाला किती सस्पेंड केलं जातं हेही वंशानुसार बघता येतं. शाळेनुसार ती आकडेवारी केंद्रीय शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शनमध्ये असते.

शाळेत 'मल्टिकल्चरल' काय चालतं, हाही प्रश्न विचारा. इंटरनॅशनल नाइटला लेझीम झालं, समोसे संपले, हे छान आहे, पण वर्गात रोज काय होतं? न्यू जर्सीत कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात आणण्यासाठी २००२ पासून अॅमिस्टॅड कायदा आहे, आणि एशियन अमेरिकन इतिहास शिकवण्याच्या कायद्यावर जानेवारी २०२२ मध्ये सही झाली. तो इतिहास फक्त फेब्रुवारीत आणि मे महिन्यात, म्हणजे त्यासाठी राखलेल्या महिन्यांतच येतो, की वर्षभर? शिक्षकांमध्ये कृष्णवर्णीय किती आहेत? ब्राउन निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या तेव्हा हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ती तूट आजही भरलेली नाही.

आणि मुलं एकत्र बसून काय करतात ते बघा. नुसतं शेजारी बसवून काही होत नाही. १९७१ मध्ये टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये शाळा एकत्र झाल्या आणि वर्गांत मारामाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने मुलांचे पाच-सहा जणांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. म्हणजे इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाकडचा तुकडा हवा असेल, तर त्याला हसून चालणार नाही, त्याला नीट विचारायला शिकावं लागेल. काही दिवसांत मुलं तसं विचारू लागली. शाळेच्या भेटीत तुम्हाला गटकामात असं काही दिसलं, तर मी त्याला कुठल्याही रेटिंगपेक्षा जास्त किंमत देईन. मिस्टरांनाही सांगा, रकर जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी कोर्टाच्या आदेशाने एकत्र झालेल्या शाळांतली मुलं मोठी होईपर्यंतची आकडेवारी तपासली. कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण, मिळकत, आरोग्य सगळं सुधारलेलं दिसलं, आणि गोऱ्या मुलांचं काहीच नुकसान झालेलं नव्हतं.

कॉलेजची चिंता असेल तर ती थोडी बाजूला ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या जून २०२३ च्या निकालाने कॉलेज प्रवेशात वंश हा घटक म्हणून धरणं थांबलं आहे. आणि कॉलेजं मुलाला त्याच्या शाळेच्या संदर्भात बघतात. शाळेत कोणते वर्ग होते आणि त्यातले मुलाने कोणते घेतले, हे काउन्सेलर अर्जासोबत कळवतात.

माझं मत सांगते. या वर्षी ते घर घेऊ नका. आवाक्याबाहेरचा हप्ता, खूश असलेली मुलगी, आणि न पाहिलेली मिडल स्कूल, या तीन गोष्टी समोर असताना घाई कशाला? सहावी इथे करा, पण डोळे उघडे ठेवून. त्याआधी दोघांनी एक कामाचा दिवस सुट्टी काढून शाळा बघून या, मिस्टरांशिवाय जाऊ नका. त्यांची काळजी खरी आहे आणि ती शाळा बघूनच कमी होईल किंवा पक्की होईल. शाळा खरोखर कमी पडली तर गाव बदला. पण मग नऊ-दहाच्याच यादीत शोधू नका. मॉरिसटाउनकडे बघा. तिथे १९७१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शहराची आणि भोवतालच्या टाउनशिपची डिस्ट्रिक्ट जोडण्याचा अधिकार शिक्षण आयुक्तांना आहे असं सांगितलं, आणि त्यातून एकच मॉरिस स्कूल डिस्ट्रिक्ट झालं. गोरी, कृष्णवर्णीय, लॅटिनो मुलं तिथे आजही एका हायस्कूलमध्ये जातात. तिथेही वर्गांच्या दारांबद्दलचे प्रश्न विचारायचेच.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही. मिस्टरांचं मत आहे, काकूंचं आहे, साइटचं आहे. मुलीच्या मैत्रिणीच्या आईचं नाही. त्या मिडल स्कूलबद्दल तिला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असण्याची शक्यता आहे, आणि तिची मुलगीही पुढच्या वर्षी तिथेच चालली आहे. तिला या शनिवारी चहाला बोलवा. कोणते शिक्षक चांगले, मुलांना वर्ग कसे वाटून देतात, तिला कशाची धास्ती आहे, हे विचारा. त्या फॉर्मबद्दलही सांगा, म्हणजे दोन्ही मुलींच्या नावाने एकाच दिवशी अर्ज देता येतील.